माळरानाची वाट आणि वाटाड्या

(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



निसर्ग पाहण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांना मोटारीतून, जाणत्या वाटाड्यासह हिंडविण्याचा व्यवसाय हा आजचा विषय आहे. हा विषय श्रीपुरात कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. येथे चहूकडे ऊस आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव राज्यात पोहोचले आणि नीरेच्या कालव्याने या भागाचे रूप पालटले. तथापि कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही तेथे अजूनही माळ आहे, आणि सोलापूर जिल्ह्याची खरी नैसर्गिक संपत्ती त्या माळावर आहे. दुर्दैवाने आपल्या दप्तरात तिची नोंद बहुधा 'पडीक' अशी होते.

परदेशातील समुद्रकाठच्या एका राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण प्रथम देतो. अमेरिकेतील मेन राज्यात अटलांटिक महासागराच्या काठी अकेडिया नावाचे उद्यान आहे. १९१६ साली या भूमीला राष्ट्रीय संरक्षण मिळाले आणि १९२९ साली तिला आजचे नाव मिळाले. दरवर्षी सुमारे ४० लक्ष प्रवासी तेथे येतात. सागर, खडक आणि अरण्य यांतून फिरणारा सुमारे ४३ किलोमीटरचा वळणरस्ता हे तेथील मुख्य आकर्षण होय. स्थानिक मार्गदर्शक आपल्या गाडीतून एखाद्या कुटुंबाला अर्धा दिवस हिंडवितात, वृद्धांना जेथे उतरता येईल तेथे उतरवितात, भरती-ओहोटीची वेळ साधून योग्य ठिकाणी नेतात. परंतु उद्यानात असा धंदा करावयाचा तर उद्यानाचा परवाना लागतो. कॅडिलॅक या ४६६ मीटर उंचीच्या शिखरावर खाजगी मोटार न्यावयाची असल्यास २०२१ पासून हंगामात आगाऊ नोंदणी करावी लागते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) या धनिकाने तेथे सुमारे ७२ किलोमीटर लांबीचे दगडी बांधणीचे रस्ते करवून घेतले आणि त्यांवर मोटारींना मज्जाव ठेवला. हा माणूस तेलाच्या पैशावर मोठा झालेल्या घराण्यातील होता, हे विशेष. मोटार कोठवर न्यावी आणि कोठे थांबवावी हा निर्णय तेथे आधी झाला; व्यवसाय त्यामागून वाढला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर नान्नज आहे. तेथील माळावर माळढोक पक्षी असल्याचे सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास लक्षात आणून दिले. त्याच दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली त्या परिसरातील गवताचे काही पट्टे चराईपासून राखले गेले. योजना होती चाऱ्यासाठी; लाभ पक्ष्यालाही झाला. १९७९ साली माळढोक अभयारण्य घोषित झाले. मीटरभर उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत अत्यंत वजनदार गणला जाणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. ज्येष्ठ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी तो राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सुचविले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला.

त्या अभयारण्याचा इतिहास येथे बसलेल्या प्रत्येक सदस्याने जाणून घ्यावा असा आहे. मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर धरले गेले. सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेते, गावे, वस्त्या असे सर्व काही त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, विकासकामे अडू लागली. ज्या शेतकऱ्याने माळढोक कधी पाहिलाही नव्हता, त्याला तो आपल्या सातबाऱ्यावर बसलेला शत्रू वाटू लागला. २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान माळढोक मात्र जवळजवळ निघून गेला. विजेच्या तारा, पिकांचा बदललेला आकृतिबंध, तुटक झालेली माळराने अशी त्याची अनेक कारणे आहेत. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही; उडताना तारा ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो. आज देशभर निसर्गात मिळून दीडशेहून कमी माळढोक उरल्याचा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या जैसलमेर भागात आहेत. नान्नजला तो क्वचित दिसला तर ती बातमी होते.

माझे स्पष्ट मत असे की, येथील माणसाला या पक्ष्यापासून चार पैसे मिळण्याची कोणतीही सोय आपण त्या काळात केली नाही. निर्बंध गावाच्या वाट्याला आले आणि कौतुक शहराच्या वाट्याला गेले. अभयारण्य पाहण्यास येणारा पाहुणा सोलापुरात उतरे, सोलापुरात जेवे आणि नान्नजच्या रस्त्यावर धूळ उडवून परत जाई. माळावर जन्म काढलेल्या मेंढपाळाला त्याने वाट विचारली असेल, पण त्याचा मोबदला कधी दिला नाही.

माळढोक नाही म्हणून माळ रिकामा झाला असे कोणी समजू नये. काळवीट, चिंकारा, लांडगा, तरस, खोकड. धाविक, चंडोल, पखुर्डी. हिवाळ्यात दूरदेशाहून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी – ही सर्व मंडळी आजही येथे आहेत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य काळविटांसाठी १९८० साली झाले. ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, पण काळवीट पाहण्यासाठी तेथे लोक जातात. नीरेच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर आणि बारामती तालुक्यात पुणे वनविभागाने २०२४ साली गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरविलेले मार्ग, आगाऊ नोंदणी आणि प्रशिक्षण दिलेले स्थानिक मार्गदर्शक अशी तिची रचना आहे. उजनीच्या फुगवट्यावरील कुंभारगाव, डिकसळ येथील मासेमारांनी तर हा धडा आधीच गिरविला आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी आले की मासेमारीची होडी पाहुण्यांची होडी होते. पाण्यावर जे साधले ते माळावर का साधू नये?

मोटारीविषयी येथे थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण हिताचे आणि अहिताचे दोन्ही तिच्यातच आहे. माळावरचा प्राणी चालत्या माणसाला जितका बिचकतो तितका उभ्या गाडीला बिचकत नाही. काळविटांचा कळप गाडी पाहून मान वर करतो, पुन्हा चरू लागतो. दार उघडून एक माणूस खाली उतरला की क्षणात उधळतो. म्हणून गाडी हाच आडोसा. इंजिन बंद करून, सूर्य पाठीशी घेऊन दहा मिनिटे शांत बसले तर जे दिसते ते तासभर भटकूनही दिसत नाही. मोठ्या बसमधून आलेल्या पन्नास जणांना हे साधणार नाही. चार-पाच जणांचे कुटुंब, एक गाडी आणि एक वाटाड्या ही खाजगी सफरीची रीत माळाला अधिक मानवते, असे मी म्हणतो ते याचसाठी.

तीच गाडी वाट सोडून गवतात शिरली की काय होते? टिटवी, धाविक, चंडोल या पक्ष्यांची अंडी जमिनीवर असतात आणि त्यांचा रंग खड्यामातीत मिसळून गेलेला असतो. चाकाखाली घरटे गेले हे चालकाला कळतही नाही. माळावर मातीचा थर पातळ असतो, त्याखाली मुरूम असतो. उतारावर चाकाची चाकोरी पडली की पहिल्या पावसात तिच्यातून पाणी धावते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तेथे ओघळ तयार होतो. ज्या गावाने बांधबंदिस्तीवर वर्षानुवर्षे श्रम केले त्याला ओघळ म्हणजे काय हे सांगावयास नको. फाल्गुनापासून पुढे वाळलेल्या गवतात टाकलेले विडीचे एक थोटूक गावाचा वर्षभराचा चारा जाळू शकते. वणव्याला अडविण्यासाठी ज्या जाळरेषा काढतात, शक्य तेथे त्यांवरूनच सफरीचा मार्ग न्यावा. नवी वाट पाडावी लागत नाही, आणि रेषाही मोकळी राहते.

वाटाड्या कसा असावा? प्रथम, तो येथील असावा. लांडग्याची जागा मेंढपाळाइतकी कोणाला ठाऊक असते? लांडग्याने आजवर त्याचे कोकरू नेले आहे; त्याच लांडग्याच्या दर्शनासाठी आलेला पाहुणा जर त्या घरी मजुरी देऊन जाणार असेल, तर लांडग्याकडे पाहण्याची त्या घराची दृष्टी थोडीफार तरी बदलेल. नुकसानभरपाई शासन देतेच, पण भरपाई आणि कमाई यांत फरक आहे. मात्र ठाऊक असलेले सर्व दाखवावयाचे नसते, हे वाटाड्याला शिकविणे सर्वांत अवघड आहे. पिले असलेली लांडग्याची बीळ, टिटवीचे घरटे, भोवत्या पक्षी संध्याकाळी ज्या गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात ती जागा – येथे गाडी नेऊ नये, पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी नेऊ नये.

हा आग्रह मोडणे किती कठीण असते याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. २०२४ च्या वर्षअखेरीस उमरेड-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या बछड्यांसह रस्त्यात दोन्ही बाजूंनी घेरले. चित्रफीत सर्वत्र पसरली, चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. तेथेही मार्गदर्शक होते, नियम होते, ठरलेले रस्ते होते. परंतु पाहुण्याच्या हाती भ्रमणध्वनी असतो आणि बक्षिसीही त्याच्याच खिशात असते. म्हणून वाटाड्याची मजुरी पाहुण्याच्या खुशीवर सोडू नये. ती ठरलेली असावी, पावतीवर मिळावी आणि प्राणी दिसो वा न दिसो, तेवढीच मिळावी.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. अभयारण्यात प्रवेशासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगी आवश्यक आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावाने ते काम होत नाही. अभयारण्याबाहेरचा माळ कोठे वनविभागाचा, कोठे गायरान, तर कोठे खाजगी मालकीचा असतो. तेव्हा मार्ग आखण्यापूर्वी तलाठी व वनरक्षक यांना सोबत घेऊन नकाशा पाहावा, अन्यथा पहिल्याच हंगामात तंटा उभा राहील. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयास हवी. ती नोंदवही केवळ कपाटात ठेवण्यासाठी नाही. कोणत्या माळावर कोणते गवत, कोणता पक्षी कोणत्या महिन्यात, हे तिच्यात नीट लिहिले गेले तर सफरीचे वेळापत्रक तिच्यातूनच निघते. हे लेखन शाळेतील मुले उत्तम करतील. शिक्षकांनी मनावर घ्यावे.

माळावर झाडे लावण्याच्या मोहिमेबद्दल एक शब्द बोलतो, तो काहींना रुचणार नाही. वृक्षारोपण चांगले; गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर अवश्य करावे. पण मारवेल, पवन्या, कुसळी यांच्या गवताळ माळावर खड्डे काढून झाडांच्या रांगा उभ्या केल्या की तो माळ राहत नाही आणि जंगलही होत नाही. मोकळ्या माळावर दूरवर नजर टाकून जगणारा प्राणी तेथून निघून जातो, चाराही घटतो. उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा अहवाल तेवढा जातो.

आपला तालुका पाहुण्यांना नवखा नाही. आषाढात पालख्या येथून पंढरीला जातात आणि लक्षावधी माणसांची सोय गावेच करतात. पुणे-सोलापूर महामार्गाने पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला जाणारा प्रवासी बारमाही आहे. त्यातील थोडे जरी एक सकाळ माळासाठी थांबले तरी चार-सहा तरुणांना हंगामी काम मिळू शकेल. त्याहून अधिक आशा दाखविणे मी योग्य समजत नाही. माळ लहान आहे; फार गाड्या त्याला सोसणार नाहीत. एका मार्गावर एका वेळी किती गाड्या असाव्यात हे गावाने वनविभागाबरोबर बसून आधीच ठरवावे, कारण गर्दी झाल्यावर ती कमी करणे कोणाच्याही हातात राहत नाही.

ज्या ग्रामपंचायतींना यात रस आहे त्यांनी प्रथम नीरेपलीकडचा मार्ग एकदा पाहून यावा, सोबत गावातील एक-दोन मेंढपाळांना न्यावे आणि तेथील मार्गदर्शकांशी त्यांचे बोलणे होऊ द्यावे. पावसाळ्याचे दिवस टाळावेत. तेव्हा जमिनीवर अंडी असतात आणि वाटही चिखलाची असते. मार्गशीर्ष-पौष हे महिने उत्तम. सूर्योदयापूर्वी माळावर पोहोचावे, कारण ऊन चढले की काळवीट सावली धरतात आणि मग पाहण्यासारखे फार उरत नाही.