युद्धाच्या काळात मागितलेलं मत

डिसेंबर १९१७. पहिलं महायुद्ध सुरू असताना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मागणी साधी होती, पुरुषांइतकाच मताचा हक्क. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन याच मागणीसाठी थेट लंडनला गेल्या. मुंबई प्रांतात १९२१ मध्ये हक्क मिळाला, पण मालमत्तेची अट राहिली.

आता जव्हारमधल्या दाभोसाच्या धबधब्याजवळच्या पाड्यावरच्या आदिवासी बाईचा विचार करा. तिच्या नावावर कसली मालमत्ता? शिवाय जव्हार हे संस्थान, प्रांताचा कायदा तिथं लागूच नव्हता.

शेजारच्या डहाणू, उंबरगाव भागातल्या वारली आदिवासींमध्ये तर लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही सावकाराचे लग्नगडी, म्हणजे बांधलेले मजूर, होत. दुसऱ्या महायुद्धाला विरोध केला म्हणून किसान सभेच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर तुरुंगात गेल्या होत्या. सुटल्यावर काही काळानं त्या या वारल्यांमध्ये आल्या. मे १९४५ मध्ये झरी गावी सभा भरली आणि वेठबिगार आणि लग्नगड्यांची पद्धत नाकारायचं ठरलं. मला ही सभाही मताधिकाराच्या इतिहासातलीच वाटते, कारण जिचं अंग सावकाराकडे गहाण, ती मत कुणाला देणार?

जव्हार १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ना मालमत्तेची अट होती, ना शिक्षणाची. वारली, कोकणा, कातकरी, एकवीस वर्षं पूर्ण झालेली प्रत्येक बाई आता मतदार होती.