पावसाळ्यानंतर न परतणारी मुले

(हौशी आकाशनिरीक्षक मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रात आकाशनिरीक्षणाचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते आणि मे महिन्यात संपते. जूनमध्ये ढग येतात, दुर्बिणी खोक्यांत जातात आणि मंडळांचे काम व्याख्यानांपुरते उरते. नेमक्या याच महिन्यांत दहावी-बारावीनंतरचे प्रवेश होतात. हा योगायोग हवामानाचा असला तरी त्याचा परिणाम सामाजिक आहे. ऑक्टोबरात आकाश पुन्हा मोकळे होते, तेव्हा मेपर्यंत नियमाने येणाऱ्या मुलांपैकी काही परत येत नाहीत. किती आली याची नोंद मंडळाच्या वहीत असते. कोण आले नाही, याची नोंद सहसा नसते.

मे महिन्यातल्या अमावास्येच्या रात्री, मध्यरात्रीनंतर वृश्चिक दक्षिणेला वर आलेला असतो आणि चहाची किटली फिरत असते, त्या वेळी या मुलांमध्ये चालणारे बोलणे ताऱ्यांविषयी नसते. ‘तू कुठे घेतोस?’ हा त्या रात्रीचा प्रश्न. एकजण पुण्याच्या ‘आयसर’ची प्रवेशपरीक्षा दिल्याचे सांगतो. दुसऱ्याला भौतिकशास्त्र आवडते, पण घरच्यांनी संगणक अभियांत्रिकी ठरवली आहे. नोकरी लागल्यावर मोठी दुर्बीण घेऊ, असे तो हसत म्हणतो. एखादी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र ‘मेजर’ घेणार असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मेजर आणि मायनर हे शब्द आता खेडोपाडीही पोचले आहेत. आणि एकजण म्हणतो, ‘अजून ठरलं नाही.’

हे शेवटचे उत्तर लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. त्या मुलाचे बहुधा सगळे ठरलेले असते. फक्त ते त्याने ठरवलेले नसते. वडिलांच्या कारखान्याने कंत्राट बदलले असेल, बहिणीच्या लग्नाचे कर्ज असेल, किंवा चुलत्याने गोदामात काम बघून ठेवले असेल. मित्रांच्या ‘चॉइस’च्या यादीत सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही नसते, म्हणून तो दुर्बिणीकडे वळतो आणि शनी लावून देतो. शनी लावण्यात तो सर्वांत तरबेजही असतो.

हौशी खगोलमंडळांनी महाराष्ट्रात काही थोडेथोडके काम केलेले नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. १९७७ साली वरळीला नेहरू तारांगण उघडले. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला आणि त्या सुमारास मुंबईतून, उपनगरांतून, जिल्ह्याच्या गावांतून तरुणांची मंडळे उभी राहिली. १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ झाली. तिचे संस्थापक जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर आणि स्वाक्षरी दोन्ही मिळेल. पोस्टकार्डाला पैशांची, ओळखीची, इंग्रजीची गरज लागत नाही, हे त्या पद्धतीचे मोल. मंडळांचा खरा वारसाही हाच आहे. डॉक्टरांचा मुलगा आणि रिक्षाचालकाची मुलगी एकाच रांगेत उभी राहून एकाच भिंगातून पाहतात, अशा जागा आपल्या समाजात फार नाहीत. म्हणूनच ही रांग बारावीला येऊन मोडते, तेव्हा ती गोष्ट प्रत्येकाच्या खाजगी नशिबाची म्हणून सोडून देता येत नाही.

या वयाच्या मुलांना दोन उपदेश हमखास ऐकवले जातात. पहिला, ‘जे आवडते तेच करा, पैसा मागून येईल.’ हा उपदेश करणाऱ्यांच्या घरी पैसा बहुधा आधीच आलेला असतो. बारावीनंतर तीन वर्षे बी.एस्सी., दोन वर्षे एम.एस्सी., मग ‘नेट’ उत्तीर्ण झाल्यावर कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती, जी जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. रक्कम वाईट नाही, पण तिथवर पोचायला किमान पाच वर्षे बिनकमाईची काढावी लागतात. मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांसाठी ‘इन्स्पायर’ची वर्षाला ८० हजारांची शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात यावे लागते, किंवा ठरावीक राष्ट्रीय परीक्षांत चमकावे लागते. पहाटेपर्यंत आकाश पाहणारा आणि सकाळी वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा त्या एक टक्क्यात नसण्याचाच संभव अधिक.

दुसरा उपदेश, ‘आधी पोटापाण्याचे बघा, छंद काय, नंतरही होतो.’ हा अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि गरीब घरांत तो प्रेमानेच केला जातो. त्याचा खोटेपणा कळण्यासाठी एका माणसाची हकीकत पाहणे उपयोगी आहे.

राधागोविंद चंद्र हे १८७८ साली बंगालमध्ये जेसोरजवळ जन्मले. प्रवेशपरीक्षेत, म्हणजे त्या काळच्या मॅट्रिकमध्ये, ते तीनदा नापास झाले आणि जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी मोजण्यापारखण्याच्या कामावर लागले. १९१० साली त्यांनी हॅलेचा धूमकेतू पाहिला. १९१२ साली तीन इंची दुर्बीण विलायतेहून मागवली. १९१८ च्या जूनमध्ये गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे टिपला आणि त्याची निरीक्षणे हार्वर्डला कळवली. रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या अमेरिकन संघटनेने मग त्यांना सभासद करून घेतले आणि १९२६ साली एक सहा इंची दुर्बीण समुद्रापार त्यांच्याकडे पाठवली. त्या संघटनेकडे त्यांनी पुढच्या काही दशकांत ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. फाळणीनंतर घर सुटले, ते पश्चिम बंगालात आले. वय झाल्यावर त्यांची दुर्बीण वेणू बाप्पूंकडे गेली. भारतात आधुनिक वेधशाळा उभारणारे ते हेच बाप्पू. राधागोविंद १९७५ साली वारले.

ही कथा व्यासपीठावरून सांगितली की टाळ्या पडतात आणि ‘पदवी नसली तरी माणूस मोठा होतो’ असा बोध काढला जातो. हा बोध सोयीचा आहे, कारण त्यात महाविद्यालयाची जबाबदारी संपते. वास्तविक या कथेत पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. खजिन्यातल्या त्या कारकुनाचा पगार तुटपुंजा होता, पण नोकरी कायमची होती. संध्याकाळी खजिन्याला कुलूप लागले की पुढची रात्र त्याची होती. या रात्रींच्या आधारावर ३७ हजार निरीक्षणे उभी आहेत. बुद्धी आणि चिकाटी तर होतीच. पण रात्र मालकाच्या ताब्यात असती, तर त्या चिकाटीने केले काय असते?

आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही कामगार चळवळीची मागणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. तिच्यातल्या तिसऱ्या आठ तासांकडे चळवळीचेही दुर्लक्षच झाले. ते तास कशासाठी, याचे उत्तर हौशी माणूस देतो. आज कंत्राटी कामगाराची पाळी किती तासांची असते हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारा मुलगा अशाच पाळीवर जाणार आहे. त्याला ‘छंद नंतर कर’ म्हणून सांगणाऱ्याने, नंतर म्हणजे कोणत्या तासाला, हेही सांगायला हवे. कामाच्या तासांचा प्रश्न खगोलमंडळाच्या सभेत उपरा वाटेल. तो उपरा नाही.

आता शिक्षणाकडे. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि तेव्हापासून ‘प्रवेश’ या शब्दाचा अर्थ पालटला. कोठे जागा मिळते यापेक्षा कोठली जागा परवडते, हा प्रश्न झाला. पुढे शिकवणीवर्गांनी कनिष्ठ महाविद्यालयांशी संधान बांधले. मुलाचे नाव एकीकडे आणि मूल दुसरीकडे, असा प्रकार राजरोस चालू झाला. या मुलांना दोन वर्षे प्रयोगशाळेचे नीट दर्शन होत नाही. दुर्बिणीचा आरसा हाताने घासून मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाइतक्या अचूकतेला आणणारा मुलगा प्रकाशशास्त्राच्या बहुपर्यायी प्रश्नांत मागे पडतो, आणि आरसा कधी हातात न धरलेला पुढे जातो. परीक्षा म्हणजे परीक्षा, हे मान्य. परंतु देशाला दोघांपैकी कोणाची गरज अधिक आहे, हे त्या परीक्षेने ठरवू नये.

मेजर-मायनरच्या योजनेत कागदावर स्वातंत्र्य पुष्कळ आहे. भौतिकशास्त्राबरोबर संगीत घ्या, गणिताबरोबर इतिहास घ्या. मात्र ज्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राला एक कायम प्राध्यापक आणि बाकीचे तासिका तत्त्वावरचे, तिथे हे स्वातंत्र्य वेळापत्रकात उतरत नाही. तालुक्याच्या मुलीची ‘मेजर’ तिच्या आवडीपेक्षा रिक्त पदांवर ठरते. तिने मे महिन्यात भौतिकशास्त्र सांगितले असेल; ऑगस्टात ती वेगळ्याच वर्गात बसलेली असू शकते.

मुलींविषयी आणखी एक गोष्ट. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून वसतिगृह उभे राहत नाही, आणि वसतिगृह मिळाले तरी संध्याकाळी त्याचे दार बंद होते. आकाश रात्रीच दिसते. मंडळांच्या रात्रीच्या कार्यक्रमांना मुलगी येते ती बहुधा वडील किंवा भाऊ बरोबर असतो म्हणून. घर सोडून शिकायला गेल्यावर तिचा छंद सुटण्याचे कारण अभ्यासाचा ताण नसून हे दार असते.

छंदाचा हिशेब प्रमाणपत्रांत मांडण्याची नवी रीतही मंडळांत शिरली आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडण्यासाठी मूल सहा महिने मंडळात येते, लघुग्रहशोधाचे एक प्रमाणपत्र मिळवते आणि जाते. त्या मुलाचा दोष नाही; बाजाराने त्याला तसे शिकवले. पण मंडळाने प्रमाणपत्रे छापण्याचा उद्योग मांडला, तर जो कुठलाही अर्ज भरणार नाही त्याने मंडळात राहायचे कशासाठी?

आणि विज्ञान केवळ पदवीधरांवर चालते, ही समजूतही खरी नाही. नारायणगावजवळ खोडदला असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण पाहावी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांचे भारी वजन आणि खर्च टाळण्यासाठी गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोरांच्या आधारावर ताणलेल्या बारीक जाळीची रचना योजली. ती जाळी ताणणे, जोडणे, वाऱ्यापावसात तिची निगा राखणे, यंत्रे वळवणाऱ्या मोटारी चालत्या ठेवणे, ही कामे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन करतात. आय.टी.आय.ला गेलेला मुलगा खगोलशास्त्रातून बाहेर पडला असे मानण्याचे कारण नाही. तो बाहेर पडतो, कारण मेच्या त्या गप्पांत त्याच्या निवडीला कोणी निवड म्हणत नाही.

मंडळांनी करण्याजोगे काही आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. पावसाळ्याचे चार महिने व्याख्यानांत घालवण्याऐवजी प्रवेशाच्या माहितीला द्यावेत: कोणत्या संस्थेचे खरे शुल्क किती, वसतिगृह आहे का, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, शिकवण्याची भाषा कोणती, पहिल्या वर्षी मराठी माध्यमाची मुले कोठे अडतात. ही माहिती आधी गेलेल्या मुलांपाशी असते, त्यांना बोलवावे. आय.टी.आय., वाणिज्य, डी.एड. यांना जाणाऱ्यांनाही त्याच बैठकीत, त्याच वेळी बोलते करावे. ऑक्टोबरात जो आला नाही त्याच्या घरी कोणीतरी जावे, आणि त्याच्या सुटीचा वार विचारून निरीक्षणाची रात्र ठरवावी. शनिवारची रात्र ही कचेरीतल्या माणसाची सोय आहे. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुटी अनेकदा गुरुवारी असते.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ हा गुरुत्वतरंग शोधण्याचा प्रकल्प होऊ घातला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा तिथे उभ्या राहायच्या आहेत आणि २०३० च्या सुमारास काम पुरे करण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले आहे. त्या तालुक्यात आज आठवीत असलेले मूल तोवर बारावीच्या पुढे गेलेले असेल. निर्वात नळ्या, लेसर, काचेचे आरसे, प्रचंड प्रमाणावरची संगणकीय मोजमापे, या सगळ्यांसाठी माणसे लागतील. ती पुण्याहून, इंदूरहून, परदेशातून येतील आणि औंढ्याची मुले फाटकावर पहारा करतील, की हिंगोलीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राची आणि आय.टी.आय.त निर्वात तंत्राची सोय आधीच झालेली असेल? याचा आग्रह लोकप्रतिनिधींकडे आजच धरावा लागेल. मराठवाड्यातील मंडळांनी आपली पुढची बैठक औंढ्याला घ्यावी, आणि तिथल्या आठवीच्या मुलांना, त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना तिचे निमंत्रण आधी धाडावे.