तलावाचा काठ

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त गावाबाहेरील गाळाने भरलेल्या बोडीचे पुनरुज्जीवन करण्याचा संकल्प आपल्या ट्रस्टने सोडला आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षे कापड मोजण्यात गेली. परंतु एका तलावाच्या कामी देणगी देऊन मी स्वतः चूक केली आहे. त्या अनुभवावर बोलतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी शेजारच्या गावी एका मंडळाने तलाव स्वच्छ केला. सगळा गाळ एकाच उन्हाळ्यात यंत्राने उपसला, चहूबाजूंनी उभी दगडी भिंत बांधली, फरसबंद पायवाट केली, दिवे लावले. उद्‌घाटनाला मी फेटा बांधून उभा होतो. पुढील पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, पण बेडकांचा आवाज नव्हता. पूर्वी पानांवरून चालणारे कमळपक्षीही फिरकले नाहीत. एका वृद्ध ढिवर गृहस्थांनी मला विचारले, "सेठजी, पाण्यात उतराले जागा कोठं ठेवली जी?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला. तलावातील सर्वाधिक जीवसृष्टी काठालगतच्या घोटाभर, गुडघाभर पाण्यात नांदते. तेथे सूर्यप्रकाश तळाशी पोहोचतो, देवधान व लव्हाळा रुजतो, बेडूक अंडी घालतात, माशांची पिले लपतात आणि बगळ्यांना भक्ष्य मिळते. लुगड्याची किंमत काठावर ठरते हे मी जन्मभर गिऱ्हाइकाला सांगत आलो. तलावाच्या बाबतीत मात्र मीच विसरलो.

आपल्या भागातील जुन्या मालगुजारी तलावांची रचना पाहा. एका अंगाला मातीची पाळ आणि दुसऱ्या अंगाला हळूहळू उथळ होत शेतांना मिळणारे पाणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत असे हजारो तलाव असून त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाने बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि पुढे अनेक ठिकाणी गाळ व बेशरम माजली. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाला बरोबर घेऊन बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पावसाळ्यात स्थानिक पाणवनस्पती लावल्या. त्यानंतर स्थानिक मासे वाढले, पक्षीही आले. महाराष्ट्रातील सारस आता मुख्यतः याच गोंदिया-भंडारा पट्ट्यात उरला आहे, आणि त्याला घरटे बांधण्यास उथळ पाणीच लागते.

आपल्या बोडीचा गाळ यंदा अर्धाच काढावा. उरलेल्या भागातील बियाणे, गोगलगाई व किडे पुढे सर्वत्र पसरतील. तळाची चिकण माती मात्र फोडू नये, नाहीतर पाणीच टिकणार नाही. मध्ये एक खोल डोह ठेवावा, म्हणजे वैशाखात मासे तगतील. शेतातून पाणी येते तेथे गवताचा रुंद पट्टा राखावा. माती व खते तेथेच अडतील. पाळीवर जांभूळ, करंज लावावेत. एखादी उभी मातीची दरड तशीच सोडावी, खंड्या तीत बीळ करतो. ग्रास कार्प जातीचे मासे सोडू नयेत, ते पाणवनस्पतीच फस्त करतात.

आणखी एक गोष्ट, काहींना ती रुचणार नाही. पुण्यकर्म म्हणून आपण पाण्यात कणकेचे गोळे टाकतो. न खाल्लेली कणीक कुजते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. माझ्या मातोश्रीही टाकीत, म्हणून हे बोलताना जीभ अडखळते.

अंदाजपत्रकात दगडी भिंत चारही बाजूंना दाखविली आहे. माझी विनंती अशी की ती फक्त गावाकडील घाटापुरती ठेवावी, पायवाट त्याच बाजूला संपवावी आणि उत्तरेकडील काठावर दिवाही लावू नये. वाचलेल्या रकमेतून दोन वर्षे राखणदार ठेवता येईल. होळीनंतर पाणी आटताच काम सुरू व्हायचे आहे. तत्पूर्वीच्या बैठकीस ढिवर मंडळींना अवश्य बोलवावे. त्यांना निमंत्रण देण्यास मी स्वतः जाईन.

जय जिनेंद्र.