शरणागतीनंतरचा खर्च

दवनीवाडा आणि आसपासच्या गावांतून आलेल्या, आज पदवी हाती घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

आजच्या दिवशी पाहुण्याने नोकरी आणि स्पर्धा परीक्षांवर बोलावं अशी रीत आहे. मी मात्र एका छोट्या खर्चाबद्दल बोलणार आहे. जमिनीत पुरलेल्या किंवा न फुटता पडून राहिलेल्या स्फोटकांपासून कसं वाचायचं, हे गावाला शिकवण्याचा तो खर्च. त्याच्यासाठी भांडणारं माणूस क्वचितच भेटतं, म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत नक्षलवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्र खाली ठेवलं. २८ नोव्हेंबरला आपल्या गोंदियात त्याच चळवळीतला अनंत आणि त्याच्याबरोबरचे दहा जण शरण आले. नक्षल्यांच्या दर्रेकसा दलमचं नाव ऐकत मोठ्या झालेल्या सालेकसा-देवरीच्या माणसांना हे दिवस किती मोठे वाटले असतील, ते तुम्हाला मी सांगायला नको. शरण आलेल्याची बंदूक मोजता येते, तिचा पंचनामा होतो. रस्त्याखाली किंवा जंगलातल्या पायवाटेवर पुरलेल्या डब्याचा पंचनामा कोण करणार? तो पुरणाऱ्यांपैकी कोणी मारले गेले, कोणी दुसऱ्या राज्यात गेले, आणि काहींना जागा आठवणारही नाही. कारखान्यात बनलेल्या सुरुंगाचा निदान नकाशा ठेवण्याची सैन्याची पद्धत असते. स्टीलच्या डब्यात किंवा कुकरमध्ये घरगुती रीतीने बनवलेल्या सुरुंगाचा नकाशा कुठेच नसतो.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन, आणि आपल्या जिल्ह्याचाही वाढदिवस, कारण १९९९ साली याच तारखेला भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. त्या दिवशी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या रस्त्यावर सुरुंग फुटला आणि शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान गेले. सोळावा माणूस त्या खाजगी गाडीचा चालक होता. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता. सुरुंगाला गणवेश ओळखता येत नाही, पुढे वर्षं उलटल्यावर तर नाहीच. मे २०२४ मध्ये शेजारच्या छत्तीसगडातल्या बिजापूर जिल्ह्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात अशाच स्फोटांत गावकऱ्यांचे जीव गेले. त्यांत लहान मुलंही होती. जगभर हेच चाललं आहे. २०२३ या एका वर्षात सुरुंग आणि न फुटलेल्या स्फोटकांनी ५,७५७ माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि ज्यांची ओळख नोंदली गेली त्यांतले दर शंभरांतले चौऱ्याऐंशी साधे नागरिक होते.

हा धोका फक्त नक्षली सुरुंगांचा नाही. नगरजवळ खारे-कर्जुनेचा लष्करी सराव पट्टा आहे. तिथे पडलेले गोळ्यांचे तुकडे भंगारात विकून पोट भरण्यासाठी माणसं जीव धोक्यात घालत आली आहेत. वर्ध्याच्या पुलगाव दारूगोळा भांडाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत आजूबाजूच्या गावांतले मजूर होते. लाओसमध्ये १९६४ ते १९७३ या काळात सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब पडले आणि त्यांतले ८ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत. पन्नास वर्षांनंतरही तिथली पोरं धातू विकायच्या नादात हात गमावतात. म्हणून ‘हात लावू नका’ एवढं भिंतीवर रंगवून भागत नाही. तुकड्याला बाजारात भाव आहे, तोवर गरीब माणूस तो उचलणार. भंगारवाल्यालाच समोर बसवून बोलावं लागतं, आणि ते बोलणं वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं.

आता खर्चाकडे येतो. जगात सुरुंगांवर जो पैसा जातो, त्यातला सर्वाधिक वाटा ते काढण्यावर जातो. काढणं आवश्यकच आहे. पण आपलं जंगल इतकं मोठं आहे की प्रत्येक पायवाट तपासून होईपर्यंत मोह गळायचा थांबणार नाही. मधल्या काळात माणसाला वाचवणारी एकच गोष्ट उरते: त्याला ठाऊक असणं. अनोळखी डबा, वायर किंवा नुकती उकरलेली माती दिसली तर तिथेच थांबायचं, आल्या पावलांवरून मागे फिरायचं, इतरांना अडवायचं आणि ११२ वर कळवायचं. मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची आपल्याकडे सवय आहे. संशयित भागात तीही सोडावी लागेल, कारण त्या आगीखाली काय आहे हे जाळणाऱ्याला दिसत नाही.

हे शिकवायचं कधी? मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो, तेंदू मे महिन्यात तोडतात. त्याआधी भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि झाडीपट्टीची नाटकं चालतात, नातलग लांबून येतात. यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. ऑक्टोबरात पैसा हातात आला तर नाटकमंडळ तालीम करील, गोंडी, पोवारी आणि छत्तीसगडीत प्रवेश बसवील. तोच पैसा ‘मार्च एंड’ला आला तर त्याचे फ्लेक्स छापले जातील आणि मोह वेचणारी बाई ते वाचणार नाही. निधीची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच तो येण्याची वेळ महत्त्वाची, हे माझं ठाम मत आहे.

पैसा कुठून आणायचा? जिल्हा नक्षलग्रस्तांच्या यादीत आहे तोवर केंद्राचा सुरक्षाविषयक खर्चाचा निधी असतो. यादीतून नाव निघालं की तो आटत जातो, आणि गाव निर्धास्त होऊन जंगलात शिरतं ते नेमकं तेव्हाच. म्हणून हा खर्च त्या यादीवर टांगून ठेवू नका. जिल्हा नियोजन समिती आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आहे. कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, आणि औष्णिक वीज प्रकल्पाचं तिरोडा तर आपल्या शेजारीच आहे. या पैशातून नाटकमंडळाचं मानधन, शिक्षक आणि आशाताईंचं प्रशिक्षण आणि मजुरांची बुडालेली रोजी भागली पाहिजे. रोजी भरून दिली नाही तर प्रशिक्षणाला फक्त रिकामे बसलेले लोक येतील. जंगलात जाणारे येणार नाहीत.

दवनीवाडा हा धानाचा पट्टा आहे, सालेकसा-देवरीइतका धोका इथे नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्यातला कोणी उद्या देवरीच्या शाळेत गुरुजी होईल, कोणी वनरक्षक, कोणी ग्रामपंचायत अधिकारी, कोणी पोलिसात जाईल. आराखड्याच्या कागदावर तुमची सही असेल. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्याचा विषय निघेल, तेव्हा उठून उभे राहा आणि मंडईतल्या एका प्रवेशाचा खर्च त्यात लिहून घ्या. ग्रामपंचायत अधिकारी विचारतील, हा कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा? आरोग्य म्हणा, शिक्षण म्हणा. ठराव झाल्यावर त्याची प्रत मागून घ्या आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या आत पैसा मंडळाच्या खात्यात पडला की नाही, ते स्वतः जाऊन पाहा.