लशीचा पोटातला प्रवास

बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकले की काम झाले, असे आपल्याला वाटते. वास्तविक तेथून पुढेच लशीची खरी परीक्षा सुरू होते. जठरात तीव्र आम्ल. त्यातून निभावले तर पुढे पाचकरस, मग आतड्यावरचा चिकट थर. अन्न आणि लस यांत पोट भेद करीत नाही. आले ते पचवायचे, एवढेच त्याला ठाऊक!

पोलिओच्या वेळी हा अनुभव आला. तीन मात्रा आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना पुऱ्या पडत नाहीत, हे वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. मात्रा वाढवीत आपण ती लढाई जिंकलो. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूचा पोलिओ आढळलेला नाही. परंतु रोटाव्हायरसच्या जुलाबांचे काय? त्यावरील तोंडाने द्यायच्या लशींना युरोपातल्या चाचण्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक यश मिळाले. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे पारखलेली आपली रोटाव्हॅक ही लस पहिल्या वर्षात तीव्र आजार सुमारे ५६ टक्क्यांनी कमी करते. हेही थोडे नव्हे, पण उरलेल्या बाळांचे आईबाप काय म्हणतील?

म्हणून लशीला अंगरखा चढवावा, अशी कल्पना निघाली. ती अगदीच नवी नाही. टायफॉइडच्या जिवंत लशीची कॅप्सूल अशाच आवरणात येत असे. नव्या प्रयत्नांत मात्र आवरणाचे कण अतिसूक्ष्म असतात. तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळणारे आल्जिनेट आम्लात आकसून घट्ट होते आणि आतड्यात गेले की फुगून लस मोकळी करते. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेले कायटोसान आतड्याच्या थराला चिकटून राहते. पण ते स्वतःच आम्लात विरघळते, म्हणून त्यावर आल्जिनेटचा लेप देतात. आहे की नाही गंमत! आपोआप विरणाऱ्या टाक्यांचा पदार्थही यासाठी वापरून पाहतात. मात्र तो घडविताना लागणारी द्रावणे कधी कधी लशीलाच इजा करतात.

आतड्यात ठिकठिकाणी पेयरचे पट्टे म्हणून ओळखले जाणारे पेशींचे पुंजके असतात. तिथल्या ‘एम’ पेशी बारीक कण आत ओढून घेऊन रोगप्रतिकारक पेशींपुढे हजर करतात. लस पोचवायची ती या दारापर्यंत.

यातले बरेचसे यश अजून उंदरांतले आहे, आणि उंदराचे जठर माणसाच्या मानाने कमी आम्ल असते. शिवाय आईकडून आलेली प्रतिद्रव्ये, कुपोषण, आतड्यातले इतर संसर्ग यांवर नुसत्या अंगरख्याचा इलाज चालत नाही.

आणि व्यवहार पाहावाच लागतो. २०१३ मध्ये रोटाव्हॅकची किंमत मात्रेला एक डॉलर जाहीर झाली होती. आवरण चढवून ती फार वाढता कामा नये. सहा आठवड्यांच्या बाळाला कॅप्सूल काही गिळता येत नाही. तेव्हा हे सारे कण थेंबांतच मावले पाहिजेत.