संदेशांचा वेग आणि व्यत्ययाचा भार

वाराणसी येथे बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 19 फेब्रुवारी 2019 रोजी ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली उभारलेला हा पहिला महासंगणक असून तो पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने बांधला. त्याची कमाल क्षमता 837 टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला 837 लक्ष कोटी गणितक्रिया, अशी सांगितली जाते. परंतु कमाल क्षमता ही यंत्राच्या कागदावरील शक्ती होय. हे यंत्र म्हणजे एकच प्रचंड संगणक नव्हे. दोनशेहून अधिक स्वतंत्र संगणक सेकंदाला 100 गिगाबिट वाहून नेणाऱ्या जाळ्याने जोडून ते सिद्ध झाले आहे. या संगणकांना सतत एकमेकांशी बोलावे लागते आणि बोलण्यात जी शक्ती खर्ची पडते, ती गणितातून वजा होते. ही वजाबाकी कशी मोजावी, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

संदेश येतो तेव्हा संगणकात नेमके काय घडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यासाठी वाराणसीच्याच मदनपुरा वस्तीतील एखादा विणकर डोळ्यांसमोर आणावा. जकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनुसार तो जरीची वेलबुट्टी विणीत बसला आहे. दारावर थाप पडली की त्याला धोटा खाली ठेवावा लागतो, नक्षी कोठवर आली याची खूण करावी लागते, उठून दारात जावे लागते, आलेले सूत घ्यावे लागते आणि परत येऊन तुटलेले अनुसंधान पुन्हा जुळवावे लागते. सुताची एक कांडी आली काय किंवा शंभर कांड्यांचा गठ्ठा आला काय, उठण्याबसण्याचा वेळ तेवढाच. संगणकातील या थापेला ‘इंटरप्ट’, म्हणजे व्यत्यय, असे नाव आहे. जाळ्याच्या कार्डावर संदेशाचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, येऊन पोचले की कार्ड प्रोसेसरला थाप देते. प्रोसेसर चालू काम टाकतो, त्याची खूण जपून ठेवतो, ऑपरेटिंग सिस्टीमचा ठरलेला भाग चालवून पॅकेट स्वीकारतो आणि मग मूळ कामाकडे वळतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. भार ठरतो तो मुख्यत्वे पॅकेटांच्या संख्येवरून; त्यांत किती मजकूर आहे यावरून नव्हे. सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणाऱ्या इथरनेटच्या तारेचे उदाहरण घेतले तर 1518 बाइटांची मोठी पॅकेटे तीवरून सेकंदाला जास्तीत जास्त 81,274 जाऊ शकतात. तीच तार 64 बाइटांच्या लहान पॅकेटांनी भरली तर त्यांची संख्या 14,88,095 होते. तार दोन्ही वेळा सारखीच भरलेली असते. पण पत्ते आणि इतर वेष्टन वगळता पहिल्या प्रसंगी सेकंदाला सुमारे 949 मेगाबिट उपयुक्त मजकूर पोचतो, तर दुसऱ्या प्रसंगी केवळ 71 मेगाबिट. आता प्रत्येक व्यत्ययाला पाच मायक्रोसेकंद लागतात असे समजू. मोठ्या पॅकेटांसाठी प्रत्येक सेकंदातील सुमारे चार दशांश भाग खर्च होईल. लहान पॅकेटांसाठी मात्र एका सेकंदात सात सेकंदांहून अधिक काम करावे लागेल, आणि ते अशक्य आहे. म्हणून पॅकेटाचा आकार न सांगता जाळ्याचा वेग सांगणे म्हणजे माप न सांगता भाव सांगण्यासारखे आहे.

अशक्य तेवढे काम अंगावर आले तर काय होते, याचे उत्तर जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मिळते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचा एक संगणक त्यांनी दोन जाळ्यांमधील दुवा म्हणून वापरला आणि त्यावर येणाऱ्या पॅकेटांची संख्या हळूहळू वाढवीत नेली. प्रत्येक पॅकेट तपासणारा कार्यक्रम चालू असताना सेकंदाला सुमारे 2,000 पॅकेटांपर्यंत सर्व सुरळीत चालले. त्यापुढे आवक वाढत गेली तशी जावक घटत गेली. आणि सुमारे 6,000 पॅकेटांवर जावक शून्य झाली. यंत्र बंद पडले नव्हते. उलट ते अखंड राबत होते. परंतु येणारे प्रत्येक पॅकेट दारात स्वीकारण्यातच सारा वेळ संपत असल्याने आत घेतलेल्या पॅकेटांवर काम करण्यास क्षणही उरत नव्हता, आणि रांग भरली की ती टाकून द्यावी लागत होती. विणकर दिवसभर दारात उभा आहे, खोलीत सुताचा ढीग साचला आहे, आणि मागावर एक वीतभरही कापड विणले गेलेले नाही, अशी ही अवस्था.

म्हणून मापनाचा पहिला नियम असा की आवक मोजून थांबू नये. पलीकडे सुखरूप पोचलेला मजकूर मोजावा. इंटरनेटच्या तंत्रविषयक दस्तऐवजांत 1991 सालीच जी व्याख्या देण्यात आली, तीनुसार एकही पॅकेट न गमावता साधता येणारा सर्वाधिक दर हाच जाळ्यातील उपकरणाचा खरा वहनदर होय. दुसरा नियम असा की त्या दराबरोबर प्रोसेसरपाशी किती शक्ती शिल्लक राहिली, हेही सांगितले पाहिजे. दोन यंत्रे एकाच वेगाने मजकूर घेत असली, पण एकाची नऊ दशांश शक्ती त्यात खर्च होत असेल आणि दुसऱ्याची एक दशांश, तर त्यांना समान कसे म्हणावे?

ही शिल्लक मोजणे वाटते तितके सोपे नाही. कोणत्या कामाला किती वेळ लागला याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच ठेवते. अनेक प्रणालींत तो घड्याळाच्या ठोक्यांवर ठेवण्याची रीत आहे. सेकंदाला शंभर किंवा हजार ठोके पडतात, आणि ठोक्याच्या क्षणी जे काम चालू असेल त्याच्या नावावर तो सबंध अवधी मांडला जातो. व्यत्ययाचे काम मात्र काही मायक्रोसेकंदांचे. ते दोन ठोक्यांच्या मधे येऊन संपूनही जाते आणि हिशेबात त्याचा मागमूस राहत नाही. त्याचा खर्च दुसऱ्याच कार्यक्रमाच्या नावावर पडतो, किंवा तो वेळ रिकामा गेला असे लिहिले जाते. लिनक्समध्ये कोणत्या उपकरणाने किती वेळा थाप दिली याची अचूक गणती मिळते; पण थापांची संख्या म्हणजे त्यांत गेलेला वेळ नव्हे.

यावर तज्ज्ञांनी काढलेला उपाय साधा आणि प्रामाणिक आहे. अगदी खालच्या अग्रक्रमाचा एक लहानसा कार्यक्रम लिहावा. त्याने दुसरे काहीही न करता केवळ आकडे मोजीत राहावे. इतर काम आले की मागे सरावे, वेळ उरला की पुन्हा मोजू लागावे. यंत्र रिकामे असताना दहा सेकंदांत तो शंभर कोटींपर्यंत पोचला आणि जाळे भरून वाहत असताना साठ कोटींपर्यंतच पोचला, तर चाळीस टक्के शक्ती खर्च झाली, हे निश्चित; ऑपरेटिंग सिस्टीमची वही काहीही म्हणो. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. आधुनिक प्रोसेसर काम पाहून आपली गती बदलतो. मोजणीच्या काळात ती स्थिर ठेवली पाहिजे. शिवाय प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यावर स्वतंत्र मोजणी हवी. चाळीस गाभ्यांच्या संगणकात सर्व थापा एकाच गाभ्याच्या दारावर पडत असतील, तर तो पूर्ण दबलेला असूनही सरासरी भार अवघा अडीच टक्के दिसतो. अशी सरासरी रोग लपविते.

रोगावर उपचारही निघाले. प्रत्येक पॅकेटामागे थाप न देता कार्डाने काही पॅकेटे जमवून एकच थाप द्यावी, हा एक. गर्दी वाढली की थापा बंद करून प्रोसेसरनेच सवडीने दारात डोकावून जमलेला माल उचलावा, हा दुसरा. 2001 साली मांडलेली लिनक्समधील पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पण माल जमेपर्यंत थांबायचे तर पहिल्या पॅकेटाला उशीर होणारच. मोठ्या मजकुराला तो खपतो. महासंगणकातील छोटे, तातडीचे संदेश मात्र त्याने खोळंबतात.

आणि महासंगणकात खोळंबा पसरतो. शेकडो संगणक एकाच गणिताचे तुकडे सोडवीत असतात, आणि प्रत्येक पायरीवर सर्वांना सर्वांची वाट पाहावी लागते. एकाला व्यत्यय आला की सारे थांबतात. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या 8,192 प्रोसेसरांच्या ‘क्यू’ महासंगणकावर हेच घडले. अपेक्षेपेक्षा गणिते बरीच संथ चालत होती. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की प्रत्येक संगणकातील चारही प्रोसेसर गणिताला जुंपण्यापेक्षा तीनच जुंपून एक ऑपरेटिंग सिस्टीमच्या बारीकसारीक कामांसाठी मोकळा ठेवला, तर मोठ्या प्रमाणावर काम अधिक जलद होते. ती कामे कमी करून आणि नीट वाटून देऊन, एकही नवा भाग न बसविता, एका महत्त्वाच्या गणिताचा वेग दुपटीच्या आसपास गेला. सारी शक्ती यंत्रात होतीच. ती कोठे गळते हे मोजले गेले नव्हते.

भारतीय महासंगणकांच्या रचनेत या प्रश्नाची जाण आरंभापासून दिसते. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 1991 साली तयार झालेला ‘परम 8000’ हा ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपांवर उभारला होता. अशा प्रत्येक चिपमध्येच चार दुवे असत, आणि गणित चालू असतानाच ते मजकुराची देवघेव करीत. ‘परम शिवाय’मधील इन्फिनिबँड जाळ्याचे तत्त्व त्याच्याच जवळचे आहे. त्याचे कार्ड दुसऱ्या संगणकाच्या स्मृतीत मजकूर थेट नेऊन ठेवू शकते. वाटेत प्रत्येक पॅकेटासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला उठवावे लागत नाही. जणू विणकराच्या हाताशी सूत आपोआप येऊन पडते.

तरीही मापनाची गरज संपत नाही, कारण रचनेचा उद्देश आणि प्रत्यक्ष वर्तन यांत अंतर पडू शकते. अशा यंत्रावर हवामानाचे, पदार्थांचे वा औषधांचे गणित मांडणाऱ्या संशोधकाला कमाल क्षमतेच्या आकड्याचा उपयोग मर्यादित असतो. त्याला मिळते ती शिल्लक. ती सांगताना पॅकेटाचा आकार, गमावलेली पॅकेटे, पोचलेला मजकूर आणि प्रत्येक गाभ्यावरील उरलेली शक्ती या चारही गोष्टी एकत्र सांगितल्या, तरच यंत्राचा वेग सांगितला असे म्हणता येईल.