वाघोबा आणि मोहाचं रान
डहाणूहून रानशेतकडे निघालं की चिकूच्या वाड्या मागं पडतात आणि साग, ऐन, मोह दिसू लागतात. डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. इथल्या वारली लोकांनी रानाशी नातं जोडलं ते त्याच्या कितीतरी आधी. वाघोबा हा त्यांचा देव. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला, शेंदूर माखलेला. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारसेला त्याची पूजा होते. पट्टेरी वाघ आता इथं नांदत नाही, बिबट्या मात्र आहे, आणि पूजाही चालू आहे. भीती आणि मान एकत्र सांभाळणारी ही रीत मला फार मोलाची वाटते.

रानाची ओळख मोहापासून करून घ्यावी. त्याची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांवर झेपावतात, पहाटे गळलेली फुलं वेचायला घरची माणसं येतात. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी उगवते. ती खाजरी, म्हणून काकडाच्या आंबट फळांसोबत शिजवायची. ही जाण घरातल्या वडीलधाऱ्या बायांकडे आहे. येत्या पावसाळ्यात मुलांना त्यांच्याबरोबर रानात जरूर पाठवा.